व्यवसायाची वेबसाइट कशावर बनवायची, कुणाकडून बनवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट करायचं ठरलं की पहिल्या-दुसऱ्या बोलण्यातच जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतं मिसळलेली आहेत. ती सगळ्यांना पटतील असं नाही, पण कुठलंही एक साधन गळ्यात मारण्याचा हेतू नाही.

वर्डप्रेस, विक्स, शॉपिफाय की स्वतंत्र कोडिंग? थोडक्यात सांगा.

आधी तुम्ही मला एक सांगा. साइट सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी तिच्यावरचा फोन नंबर बदलायचा झाला, तर तो कोण बदलणार?

स्वतः बदलणार असाल आणि तांत्रिक भानगडीत पडायचं नसेल, तर तयार बिल्डर (वर्गणी भरून वापरायचं साइट बनवण्याचं साधन) घ्या. कार्यालयात थोडंफार हाताळणारं कुणी असेल किंवा देखभालीला कायमचा माणूस असेल, तर वर्डप्रेस. मुख्य काम ऑनलाइन विक्रीचंच असेल, तर दुकानासाठीच बनवलेलं साधन. आणि खरं उत्तर ‘कुणीच नाही’ असं असेल, तर चार-पाच पानांची स्टॅटिक (साध्या तयार फायलींची) साइट, जिला सांभाळावंच लागत नाही.

साइट बनवून होते काही आठवड्यांत. सांभाळावी लागते वर्षानुवर्षं. निवड करताना मात्र सगळं लक्ष पहिल्या भागाकडे असतं आणि नंतर तिथेच घोडं पेंड खातं.

सोशल मीडियावर आमचं पान जोरात चालतं. मग साइट हवीच कशाला?

चालतंय तर चालू द्या, ते बंद करायला कुणी सांगत नाही. पण त्या पानाचे नियम तुमच्या हातात नाहीत. कुणाला काय दाखवायचं, खातं कधी गोठवायचं, सेवाच कधी गुंडाळायची, हे सगळं ती कंपनी ठरवते. याहूने 2009 मध्ये जिओसिटीज बंद केलं तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेली पानं एका दिवसात दिसेनाशी झाली. जुनी गोष्ट वाटत असेल तर अलीकडची घ्या. गुगल बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या व्यावसायिकांना फुकट साइट बनवून मिळायची. मार्च 2024 मध्ये गुगलने त्या सगळ्या साइट बंद केल्या. काही महिने जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळवलं, मग तेही थांबवलं. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डांवर छापला होता, त्यांना कार्डं नव्यानं छापावी लागली.

म्हणून निदान स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि त्यावर एक पान, एवढं तरी असावं: काय करता, कुठे आहात, वेळ काय, संपर्क कसा करायचा. ज्यांचं सगळं काम ओळखीतून येतं आणि नवीन गिऱ्हाईक घ्यायला हातच मोकळे नाहीत, त्यांना एवढंही पुरतं. त्यांना मोठी साइट विकणाऱ्यापासून सांभाळून राहावं.

पर्याय नेमके कोणते आहेत?

नावं शेकड्यांनी सापडतील, प्रकार मोजकेच आहेत. पहिला तयार बिल्डर, म्हणजे विक्स, स्क्वेअरस्पेस वगैरे. होस्टिंग (साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा), टेम्प्लेट (तयार मांडणी), सुरक्षा सगळं एकाच वर्गणीत, तुम्ही फक्त मजकूर आणि फोटो टाकायचे. दुसरा प्रकार शॉपिफायसारखा, तोही वर्गणीचाच, पण विक्रीसाठी घडवलेला. तिसरा, स्वतःच्या होस्टिंगवर चढवायची सामग्री व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे मजकूर टाकायचं-बदलायचं सॉफ्टवेअर. यात वर्डप्रेस सर्वांत पुढे, ड्रुपल आणि जूमला बरेच मागे. चौथी स्टॅटिक साइट, म्हणजे तयार केलेल्या साध्या एचटीएमएल फायली. पाचवं स्वतंत्र कोडिंग. वेबफ्लोसारखी काही साधनं अधल्यामधल्या जागी बसतात. ती डिझायनर मंडळींना फार आवडतात, पण ज्याला सीएसएसची, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडची, भाषा कळत नाही त्याला अवघड जातात.

विक्स किंवा स्क्वेअरस्पेस घेण्यात तोटा काय? लोक नाकं मुरडतात.

नाकं मुरडणाऱ्यांत बऱ्याचदा साइट बनवून देणारेच असतात, हे आधी लक्षात घ्या. सल्लागार, दवाखाना, शिकवणीचे वर्ग, छायाचित्रकार अशा कामांसाठी हे बिल्डर चांगले आहेत. अपडेटची कटकट नाही, सर्व्हर बंद पडला तर झोप उडायची ती त्यांची. मजकूर बदलायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

तोटा बाहेर पडताना कळतो. विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, कारण ती त्यांच्याच यंत्रणेवर चालते. उत्पादनांची यादी वगैरे काही माहिती फाइल करून काढता येते, पण पानं, मांडणी, डिझाइन तिथेच राहतं. स्क्वेअरस्पेस पानांचा आणि लेखांचा मजकूर वर्डप्रेसला चालेल अशा फायलीत देतं. तिथेही सगळं येत नाही, आणि दिसणं तर येतच नाही. म्हणजे घर बदलताना सामान नव्यानं विकत घ्यायचं. पाच पानांच्या साइटला याचं काही वाटत नाही, शनिवार-रविवार बसलं की होतं. तीनशे लेख आणि दोनशे उत्पादनं असतील तर मात्र विचार आधीच करायला हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. विक्सच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा टेम्प्लेट घेऊन साइट उभी केली की नंतर दुसरं टेम्प्लेट चढवता येत नाही, नवी साइट करावी लागते. त्यामुळे ‘आत्ता काहीतरी निवडू, पुढे बदलू’ हे तिथे चालत नाही.

फुकटच्या प्लॅनवर व्यवसायाची साइट ठेवू नका. पत्त्यात त्यांचं नाव आणि पानावर त्यांची जाहिरात असते. गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही, पण त्याच्या नजरेतून ते सुटत नाही.

वर्डप्रेस फुकट आहे ना?

सॉफ्टवेअर फुकट आहे. 2003 पासून ते मुक्त परवान्याखाली मिळतं, कुणीही उतरवून वापरावं. जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, त्यामुळे काम येणारा माणूस कुठेही सापडतो. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. एक डेव्हलपर सोडून गेला तर दुसरा मिळतो.

फुकट नसतं ते बाकीचं: डोमेन, होस्टिंग, चांगली थीम (साइटचं रूप), काही प्लगइनची (जोडायच्या जास्तीच्या सोयींची) दरवर्षीची वर्गणी आणि देखभालीचा वेळ. या शेवटच्या गोष्टीचा हिशेब कुणी धरत नाही. मुख्य सॉफ्टवेअर, थीम आणि प्लगइन, तिन्हींचे अपडेट येत राहतात. ज्या पीएचपी भाषेवर ते चालतं, तिची आवृत्तीही बदलत असते. वर्षभर कुणी हात लावला नाही आणि मग एकदम सगळे अपडेट मारले, की पान पांढरं पडतं. हे टाळायचं तर दर महिन्याला कुणीतरी लॉगिन करून बघायला हवं. आधी बॅकअप, मग अपडेट, मग मुख्य पानं आणि फॉर्म तपासून पाहणं. काम अर्ध्या तासाचं, पण करणारा ठरलेला हवा.

वर्डप्रेस डॉट ऑर्ग आणि वर्डप्रेस डॉट कॉम यांत गल्लत होते. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून तुम्ही स्वतःच्या होस्टिंगवर चढवता. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक या कंपनीची वर्गणीची सेवा आहे, त्यात होस्टिंग आलंच. दोन्ही चालतील, फक्त आपण कुठलं घेतोय हे ठाऊक असावं.

पेज बिल्डर प्लगइनबद्दलही सांगून ठेवतो. माउसनं ओढून पान रचायचं हे प्लगइन हाताळायला मजेदार असतं, पण काही बिल्डर बंद केले की मजकुराच्या जागी चौकटी कंसांतल्या शॉर्टकोडचा, म्हणजे त्या प्लगइनच्या खुणांचा, ढीग उरतो. 2018 च्या डिसेंबरपासून वर्डप्रेसमध्येच ब्लॉक एडिटर आहे. साध्या व्यवसायाच्या साइटला तो पुष्कळ झाला. एखादा डेव्हलपर पेज बिल्डर वापरणार असेल तर का, हे विचारा. ‘मला त्याची सवय आहे’ हेही प्रामाणिक उत्तर आहे, पण त्याची किंमत पुढे तुम्ही मोजणार आहात.

वर्डप्रेस हॅक होतं म्हणे?

होतं, पण बहुतेक वेळा दार मुख्य सॉफ्टवेअरचं नसतं. जुनं पडलेलं प्लगइन, फुकटात मिळवलेली चोरीची थीम किंवा ‘अॅडमिन’ नावाखाली सोपा पासवर्ड, यांतलं काहीतरी असतं. 2013 च्या 3.7 आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट वर्डप्रेस आपणहून बसवतं. प्लगइन मोजकी ठेवा, न वापरातली नुसती बंद न करता काढून टाका, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. आणि बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका. सर्व्हर गेला तर बॅकअपही गेला, हे इतकं उघड असूनही दिसायला दुर्मिळ नाही.

वस्तू विकायच्या आहेत. शॉपिफाय की वूकॉमर्स?

आधी विचारा की ऑनलाइन ऑर्डर आली तर पुढे काय होणार. वस्तू शिल्लक आहे का हे कोण बघणार, कोण बांधणार, कोण पाठवणार, परत आली तर पैसे कसे जाणार? याची उत्तरं तयार नसतील तर कुठलंही साधन घ्या, नाकी नऊ येणार आहेत. अशा वेळी मी साधं कॅटलॉग आणि चौकशीचा फॉर्म सुचवतो. ऑर्डर हातानं घेत महिनाभर काढला की कुठे काय अडतं ते कळतं, आणि मग दुकान मांडलेलं बरं.

आता साधनं. शॉपिफाय 2006 मध्ये सुरू झालं. त्याच्या संस्थापकांना आपलं स्नोबोर्डचं ऑनलाइन दुकान चालवायला मनासारखं साधन मिळेना म्हणून त्यांनी स्वतःच लिहिलं, त्यातून ही कंपनी उभी राहिली. ते वापरताना जाणवतं. साठा, सवलती, अर्धवट सोडलेल्या खरेद्या, पाठवणीचे दर, सगळं हाताशी असतं. वर्गणी मात्र दर महिन्याला द्यावी लागते, बऱ्याच जास्तीच्या सोयी वेगळ्या अॅपमधून घ्याव्या लागतात आणि त्या अॅपची वर्गणी निराळी. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट न वापरता बाहेरचा गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडला तर प्रत्येक व्यवहारावर ते वेगळा आकार घेतं. हा आकडा तुमच्या नफ्याच्या टक्क्याशेजारी ठेवून बघा. कमी नफ्यावर माल विकणाऱ्यांना तो झोंबतो.

वूकॉमर्स हे वर्डप्रेसचं प्लगइन आहे, मूळ सॉफ्टवेअर फुकट. हवं तसं वळवता येतं, माहिती तुमच्याच डेटाबेसमध्ये राहते. पण दुकानाची साइट म्हणजे अपडेटचा धोका दुप्पट. एखाद्या प्लगइनमुळे पैसे भरण्याचं पान अडलं तर तेवढा वेळ विक्री बंद. शिवाय साध्या साइटची पानं सर्व्हर तयार करून ठेवू शकतो, तसं खरेदीच्या टोपलीचं करता येत नाही. ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून स्वस्तातलं होस्टिंग इथे दम तोडतं. तांत्रिक माणूस हाताशी नसेल तर मी शॉपिफायकडे झुकतो. लेख, माहिती आणि थोडी विक्री असा मिश्र मामला असेल तर वूकॉमर्सकडे.

कार्डाचे तपशील तुमच्या साइटवर साठवून ठेवण्याचा विचारही करू नका. त्यासाठी पीसीआय डीएसएस नावाची कडक मानकं आहेत. पैसे भरण्याचा टप्पा गेटवेच्या पानावर किंवा त्यांच्या चौकटीत होऊ द्या.

बाहेर पडायची वेळ आली तर शॉपिफायमधून उत्पादनं, ग्राहक आणि ऑर्डरी फायलींत काढता येतात. ग्राहकांचे पासवर्ड येत नाहीत आणि थीमही येत नाही.

स्टॅटिक साइट म्हणजे काय? जुनाट नाही का ती?

उलट. पान उघडल्यावर सर्व्हरनं डेटाबेसमधून काही शोधून जुळवायचं नसतं, तयार फाइल पाठवायची असते. त्यामुळे वेगवान, आणि फोडायला जागाच कमी. ह्यूगो, जेकिलसारख्या साधनांनी ती तयार करतात, आणि ठेवायला फुकट सेवाही आहेत. अडचण एकच: मजकूर बदलायचा तर बनवणाऱ्याला फोन. वर्षातून दोनदा बदल होणाऱ्या साइटला हे परवडतं, रोज नवीन काही टाकणाऱ्याला नाही.

पूर्ण स्वतंत्र कोडिंग कधी करून घ्यावं?

तुमच्या कामाची रीतच वेगळी असेल तेव्हा. उदाहरणार्थ, मापं टाकली की किंमत निघाली पाहिजे आणि ती थेट तुमच्या साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली पाहिजे. तयार साधनं तिथवर पोचत नाहीत किंवा फार वाकवावी लागतात. पण ‘आमच्यासारखी साइट दुसऱ्या कुणाची नको’ एवढ्याच कारणासाठी कोडिंगच्या वाटेला जाऊ नका. ते वेगळेपण डिझाइननं आणि मजकुरानं येतं. करून घेतलंत तर मूळ कोड तुमच्या खात्यात, सर्व्हरवर कसा चढवायचा याची टिपणं तुमच्याकडे, आणि कोडची मालकी तुमची असं करारात लिहिलेलं, हे तिन्ही हवं.

एआयला सांगितलं की साइट तयार होते, मग हे सगळं कशाला?

पहिला मसुदा खरंच पटकन मिळतो, आणि मनातलं डेव्हलपरला दाखवायला तो उत्तम. पण त्यात न दिलेल्या सेवा, न मिळालेले पुरस्कार आणि नसलेल्या ग्राहकांचे अभिप्राय बिनधास्त लिहिलेले असतात. ओळ न् ओळ वाचा. आणि तयार झालेली साइट कुठे राहते, बाहेर काढता येते का, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

डोमेन कुणाच्या नावावर घ्यावं?

तुमच्या. दुसऱ्या कुणाच्याही नाही. डेव्हलपरच्या नाही, एजन्सीच्या नाही, कार्यालयातल्या हुशार मुलाच्याही नाही.

एका कारखानदाराचा फोन आला होता: साइट सकाळपासून उघडत नाही आणि मेलही येईनात. पाहिलं तर डोमेनची मुदत संपलेली. डोमेन घेतलं होतं साइट बनवणाऱ्यानं, स्वतःच्या मेलवर आणि स्वतःच्या कार्डानं. तो केव्हाच दुसऱ्या नोकरीत गेलेला. मुदतीच्या आठवणी रजिस्ट्रार (डोमेनची नोंदणी करणारी कंपनी) पाठवत होता, त्या त्याच्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या मेलवर जाऊन पडत होत्या. कारखान्याच्या फायलीत बिल होतं, त्यावर ‘डोमेन व होस्टिंग’ एवढीच ओळ. रजिस्ट्रार कोण, खातं कुठलं, काही नाही. त्या माणसाचा नंबर एका जुन्या कर्मचाऱ्याकडे निघाला आणि त्यानं मोठ्या मनानं मदत केली, म्हणून नाव हातचं गेलं नाही. ऑर्डरींचे मेल मात्र तेवढे दिवस परत जात राहिले.

अशा वेळी काय घडतं ते समजून घ्या. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की लगेच ते दुसऱ्याला मिळत नाही. रजिस्ट्रार काही काळ थांबतो. त्यानं नोंद काढून टाकल्यावरही 30 दिवस जादा आकार भरून ते सोडवून घेता येतं. त्यानंतर ते खुलं होतं, आणि चांगल्या नावांवर टपून बसलेले लोक असतात. नियमाप्रमाणे मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण येते, पण ती येते नोंदणीतल्या मेलवर. म्हणूनच तो मेल तुमचा हवा. आणि शक्यतो त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो मेलही बंद.

एकदम जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी डोमेन घेता येतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि कार्ड बदललं की तिथेही बदला. डेव्हलपरला काम करायचं असेल तर त्याला वेगळा प्रवेश द्या, मालकाचा पासवर्ड नको. बहुतेक रजिस्ट्रारकडे तशी सोय असते.

सध्या दुसऱ्याच्या नावावर असेल तर संबंध गोड असतानाच हलवून घ्या. त्याच्याकडून हस्तांतराचा संकेतांक मागायचा, डोमेनचं कुलूप काढायला सांगायचं. डोमेन नवं घेतलेलं असेल तर पहिले 60 दिवस रजिस्ट्रार बदलता येत नाही, पण त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या खात्यात वळवून घेण्याची सोय बऱ्याचदा असते.

खर्च किती येईल?

आकडा सांगत नाही, कारण कामानुसार तो कितीही बदलतो. कोटेशनमध्ये दोन रकाने मात्र वेगळे मागा: एकदाच होणारा खर्च, आणि दरवर्षीचा. दुसऱ्यात डोमेन, होस्टिंग, मेलची सेवा, थीम-प्लगइनच्या वर्गण्या, देखभाल. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर नाही, दुसऱ्या वर्षापासूनचा धरा. मग तीन वर्षांची बेरीज करून पर्याय शेजारी ठेवा. महाग वाटणारा बिल्डर पुष्कळदा इथे स्वस्त निघतो, कारण त्यात देखभालीचा रकाना जवळपास रिकामा असतो.

सुरक्षा प्रमाणपत्राचे (ज्यानं पत्ता https नं सुरू होतो) वेगळे पैसे कुणी लावले तर का, ते विचारा. लेट्स एनक्रिप्ट या सेवेमुळे 2016 पासून ते फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले आपणहून बसवतात. नसलं तर 2018 पासून क्रोम पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असं दाखवतं.

डेव्हलपर किंवा एजन्सी कशी पारखायची?

त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या साइट बघा. नव्याचे नऊ दिवस सगळ्याच साइट छान दिसतात, जुन्या कशा चालल्या आहेत त्यावरून देखभाल कळते. त्या साइटच्या मालकाशी बोलता आलं तर एकच विचारा: काही अडलं तर हा माणूस फोन उचलतो का?

मग कागदावर घ्या: किती पानं, मजकूर कोण देणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, काम सोपवताना काय काय हातात मिळणार. ‘सगळं करून देतो’ हे कोटेशन नव्हे. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका, आणि शेवटचा हप्ता सगळे लॉगिन स्वतः उघडून बघितल्यावर द्या.

गुगलमध्ये वर यायला कुठलं साधन चांगलं?

कुठलंही. ‘वर्डप्रेसला गुगल झुकतं माप देतं’ यात तथ्य नाही. गुगल बघतं मजकूर कामाचा आहे का, आणि त्यात मोबाइलवर दिसणारी आवृत्ती बघतं. म्हणून डेस्कटॉपवर डिझाइन पास करून मोकळे होऊ नका, फोनवर उघडून बघा. तेही कार्यालयातल्या वायफायवर नव्हे.

वेगाचे गुगलचे निकष उघड आहेत. पानातला मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद 200 मिलिसेकंदांच्या आत यावा, आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारू नये. पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की फुकट अहवाल मिळतो. संथपणाचं कारण बहुतेक वेळा साधन नसतंच. कॅमेऱ्यातून काढलेला काही एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, किंवा मुख्य पानावर आपोआप सरकणारी पाच चित्रांची पट्टी असते. ती पट्टी मालकांना फार प्रिय. दुसऱ्या चित्रापर्यंत कुणी थांबत नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

काम रखडतं कुठे?

मजकुरावर. डिझाइन तयार, होस्टिंग तयार, आणि ‘आमच्याविषयी’ पानावर अजून नमुन्याचा लॅटिन मजकूर. मालकाला वाटतं डेव्हलपर लिहील, डेव्हलपरला वाटतं मालक देईल. साधन निवडण्याआधीच एका साध्या फायलीत लिहून काढा: गिऱ्हाईक फोनवर पहिले कुठले प्रश्न विचारतं आणि तुम्ही काय सांगता. निम्मी साइट तिथेच तयार होते. ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. किती दिवसांत काम देता, कमीत कमी किती माल घेता, काय करत नाही, हे लिहा. फोटो खरे टाका. हात मिळवणारे कोटवाले लोक सगळ्यांनी बघून झाले आहेत.

साइट दोन भाषांत करावी का?

दोन्ही भाषांतले बदल वेळच्या वेळी करणार असाल तरच. एका भाषेत नवा पत्ता आणि दुसरीत जुना, यापेक्षा एकच भाषा बरी. मजकूर युनिकोडमध्येच असू द्या. जुन्या फॉन्टमधला किंवा चित्र करून टाकलेला मजकूर सर्च इंजिनला वाचता येत नाही, आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरलाही नाही.

फॉर्म भरल्यावर ‘धन्यवाद’ येतं, पण मेल येतच नाही. का?

‘धन्यवाद’च्या त्या हिरव्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. ती फक्त सर्व्हरनं मेल पाठवायला घेतला एवढंच सांगते. बऱ्याच फॉर्ममध्ये पाठवणाऱ्याच्या जागी भरणाऱ्याचा पत्ता टाकलेला असतो. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं मेल पाठवतो, आणि मेल सेवा त्याला तोतया समजून स्पॅममध्ये टाकते किंवा परस्पर नाकारते. पाठवणारा पत्ता तुमच्याच डोमेनचा ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर इथे द्या’ या जागी. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या) करून घ्या. शिवाय प्रत्येक चौकशी साइटच्या आतही साठेल असं बघा, म्हणजे मेल हरवला तरी गिऱ्हाईक हरवत नाही.

आहे ती साइट दुसऱ्या साधनावर न्यायची आहे. गुगलमधलं स्थान जाईल का?

नीट हलवली तर थोडं खालीवर होऊन सावरतं. सगळी मदार पानांच्या पत्त्यांवर असते. जुन्या साइटच्या सगळ्या पानांचे पत्ते एका तक्त्यात उतरवा आणि समोर नवे पत्ते लिहा. जमत असेल तर पत्ते बदलूच नका. बदलले तर जुन्यावरून नव्याकडे 301 प्रकारचं कायमचं वळण लावा, तेही पानागणिक. सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवणं म्हणजे काम उरकणं झालं. ही वळणं निदान वर्षभर ठेवावीत असं गुगल सांगतं. मी काढतच नाही, ठेवायला काही लागत नाही. गुगल सर्च कन्सोलमध्ये सापडत नसलेल्या पानांची यादी दिसते, पहिला महिना ती अधूनमधून बघून राहिलेले पत्ते जोडत जा. आणि जुन्या होस्टिंगचं खातं लगेच बंद करू नका. मेल बऱ्याचदा त्याच खात्यावर चालत असतात, आणि ते कुणाला आठवत नाही.